फॉरवर्डवरून भांडण

प्रिय पक्या,

मेसेज वाचला तुझा. फिजिक्सचा मास्तर सोवळं नेसून सत्यनारायणाला बसला म्हणून स्टाफरूममध्ये तुझी टिंगल झाली, आणि तू विचारतोयस यात चुकलं काय. काही नाही चुकलं रे. पण त्याच्याच खाली तू जो फॉरवर्ड चिकटवलायस ना, बिग बँग (म्हणजे विश्वाला एक सुरुवात होती आणि तेव्हापासून ते पसरतंय हा सिद्धांत) आपल्या पुराणात आधीच सांगून ठेवलाय वगैरे, त्याच्यावरून मात्र मी भांडणार आहे.

अरे, ती कल्पना मुळात मांडली कोणी? जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा कॅथलिक पाद्री, १९२३ ला दीक्षा घेतलेला. १९२७ मध्ये त्याने आइन्स्टाईनच्याच समीकरणांतून विश्व प्रसरण पावतंय हे काढलं, तर खुद्द आइन्स्टाईन त्याला म्हणाला, गणित बरोबर आहे पण तुझं फिजिक्स भयंकर आहे. मग १९३१ ला 'नेचर'मध्ये त्याने विश्वाच्या सुरुवातीवर एक छोटंसं टिपण दिलं, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की त्याच्या टाईप केलेल्या कच्च्या प्रतीत शेवटी देवाबद्दल एक परिच्छेद होता, तो छापायच्या आधीच खोडलेला. श्रद्धा कुठे गेली नव्हती, मरेपर्यंत पाद्रीच होता तो, पण त्या टिपणात देवाचं काम नव्हतं, बस.

तरी लोकांना संशय यायचाच. आपल्या नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल, पक्के नास्तिक, त्यांना विश्वाला सुरुवात असणं हेच धर्माकडे झुकणारं वाटायचं (आणि गंमत बघ, 'बिग बँग' हे नाव त्यांनीच दिलेलं, १९४९ ला रेडिओवर बोलताना!). दुसऱ्या बाजूने १९५१ मध्ये पोप बारावे पायस भाषणात म्हणाले की विज्ञानाने तर सृष्टीच्या निर्मितीची साक्षच दिलीय. लमेत्र खूश व्हायला हवा होता ना? तो वैतागला. त्याचं म्हणणं, माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, ज्याला देव नाकारायचाय त्याने खुशाल नाकारावा.

तुझा फॉरवर्ड पण पोपचंच करतोय की. आणि पुराणात जे काय सापडतं ते नेहमी शोध लागल्यावरच कसं काय सापडतं रे? शिवाय उद्या तो सिद्धांत बदलला, तर पुराणातल्या ओळीचाही अर्थ बदलणार का?

पूजा तुझी आणि काकूंची आहे, तिथे कोणी काही मोजायला बसलेलं नाही. पण नववीतल्या एखाद्या पोराने हाच फॉरवर्ड दाखवून "सर, हे खरंय का" विचारलं तर काय सांगणारेस? ते लिही आधी, मग पुढचं भांडू.

तुझाच,
बंड्या