दुशान्बेत राहतेस, तर तिथलं नाटक बघ

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की कॉलेज, खोली आणि बाजार सोडून ताजिकिस्तानच्या राजधानीत, दुशान्बेत, काही बघितलंच नाही. अभ्यासाचा रगाडा मला कळतो. पण ज्या रुदाकी रस्त्यावरून तू ये-जा करतेस, त्याच रस्त्यावर लाहुती थिएटर आहे. तिथलं एकही नाटक न बघता तू डॉक्टर होऊन परत यावंस, हे सांगलीत जन्म काढलेल्या माझ्यासारखीला पटत नाही. म्हणून त्या रंगभूमीवरच्या एका नटीबद्दल लिहिते. नाव सोफिया तुइबायेवा. जन्म 1913 चा. पुढे तिला ताजिक प्रजासत्ताकाची 'लोककलाकार' ही पदवी मिळाली, पण मला तिचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणाने.

ती वयात येत होती तेव्हा बुखारा, समरकंद, खुजंद या शहरांतल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत परंजा, म्हणजे तिथला बुरखा, घेत. चेहऱ्यावर चाचवान, म्हणजे घोड्याच्या केसांची विणलेली काळी जाळी. 1927 च्या 8 मार्चला सोव्हिएत सरकारने बायकांचा बुरखा उतरवण्यासाठी 'हुजूम' नावाची मोहीम काढली आणि भर चौकात परंज्यांच्या होळ्या पेटल्या. हुकूम वरून आला, किंमत मात्र बायकांनी मोजली. बुरखा टाकला म्हणून घरच्यांनी, गल्लीतल्यांनी कितीतरी जणींचा जीव घेतला. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या मुली तर सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत. शेजारच्या उझबेक रंगभूमीवरच्या तुर्सुनॉय सैदाझिमोवाला 1928 साली तिच्या नवऱ्याने मारलं. पुढच्याच वर्षी मर्गिलानमध्ये नूरखोन या नर्तकीला सख्ख्या भावाने भोसकलं. दोघीही विशीच्या आतल्या, तुझ्याहून लहान.

ज्या 1929 मध्ये नूरखोन गेली, त्याच वर्षी दुशान्बेत हे लाहुती नाटकघर उभं राहिलं. गावाचं नावही तेव्हा बदलून स्टालिनाबाद झालं होतं. सुरुवातीला बायकांची कामं पुरुषच करत, आपल्याकडे करत तशीच. अशा वेळी ज्या मुली तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या, त्यांच्या धाडसाचं मोजमाप मला करता येत नाही. मी राज्य नाट्य स्पर्धेत उतरले तेव्हा माझ्यापुढे प्रश्न होता तो एवढाच, की तालमीहून परतायला रात्र होईल आणि सासूबाई काय म्हणतील!

1939 साली लाहुती थिएटरने 'ऑथेल्लो' केलं. मुहम्मदजान कासिमोव ऑथेल्लो आणि तुइबायेवा डेस्डिमोना. भाषांतर लाहुतींचं. हे मूळचे इराणातल्या केर्मानशाहचे कवी. तब्रीझमधलं बंड फसल्यावर सोव्हिएत देशात आले आणि तिथल्या रंगभूमीला त्यांचं नाव लागलं. आपल्या हरिपूरच्या देवलांनी हेच नाटक 1890 मध्ये 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं होतं, हे तुला शाळेत असताना सांगितलेलं आठवत असेल.

सई, मी त्या प्रयोगाचा विचार करते तेव्हा शेवटच्या अंकापाशी अडते. पलंगावर बायको निजली आहे, नवरा दिवा घेऊन येतो, आणि नुसत्या संशयापायी तिचा श्वास कोंडतो. लंडनच्या प्रेक्षकाला ती शेक्सपिअरची शोकांतिका. पण स्टालिनाबादच्या प्रेक्षागृहात तेव्हा अशी माणसं बसलेली असणार, ज्यांनी गेल्या दहा वर्षांत हेच घराघरांत घडलेलं ऐकलं होतं. त्यांच्यासमोर त्या पलंगावर निजायचं आणि 'मी निर्दोष आहे' म्हणायचं, याला नुसता अभिनय कसं म्हणू? आणि डेस्डिमोना काही रडूबाई नव्हे. पहिल्याच अंकात ती भर सभेत बापासमोर उभी राहून सांगते, की हा नवरा मी माझ्या मर्जीने केला. माझ्या मते नाटकातलं सर्वांत अवघड काम ते आहे, मरणं नव्हे. आवाज चढला तर उद्धट वाटते, पडला तर सगळा पाचवा अंक नुसता दयेवर चालतो.

तुइबायेवाने सिनेमातही कामं केली. ताजिकफिल्म 1930 पासूनची संस्था. बोरिस किम्यागारोव यांनी तिथे शाहनामा या फारसी महाकाव्यावर मोठे चित्रपट काढले, रुस्तम आणि सोहराबची गोष्ट पडद्यावर आणली. त्यातला रुस्तम मात्र ओसेतियाचा नट, बिम्बोलात वातायेव. त्या काळी प्रजासत्ताकांतले सिनेमे देशभर रशियनमध्ये फिरत, आणि बरेचदा चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा असे. नटाचा आवाज काढून घेतला की निम्मं काम गेलं, हे मी ठामपणे म्हणते. म्हणून मला वाटतं, ताजिक नटीचं खरं घर रंगमंचच. तिथे तिची भाषा आणि तिचा श्वास तिच्याकडेच राहतो.

नव्वदच्या दशकात तिथे झालेल्या यादवी युद्धाबद्दल तुझ्या घरमालकीणबाईंना विचार, वेळ बघून, हळुवारपणे. 1992 ते 1997 हा काळ त्यांनी तिथे काढलाय. नाटकं बघायच्या का, कोणती नटी आवडायची, हेही विचार. या वयाच्या बायका अशा प्रश्नावर खुलतात.

परीक्षा संपली की मैत्रिणीला घेऊन जा. सिरिलिक तुला वाचता येतं, तेव्हा दारावरच्या फलकाचा फोटो पाठव आणि नटांची नावं लिहून कळव. संवाद सगळे कळले नाहीत तरी चालेल. कोण कुठे उभं राहतं, गप्प असताना हात कुठे ठेवतं, ते बघ. मला सविस्तर लिही, फोनवर दोन वाक्यांत उरकू नकोस.

भाजणी आणि मेतकूट पुढच्या आठवड्यात गावातल्या एका मुलाबरोबर येतंय. बाबांची शुगर आटोक्यात आहे. थंडीत कान झाकून जा.

तुझी,
आई