'काही करत नाही हो तो' म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात कुत्र्यांबद्दल जी पत्रं येतात ती बहुतेक कुत्रे पाळणारे विरुद्ध न पाळणारे अशीच असतात. पण पाळणाऱ्यांची आपसात किती जुंपते हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सकाळ संध्याकाळ कुत्रा फिरवणाऱ्यांमधे सरळ दोन पार्ट्या आहेत, पट्टा लावणारे आणि मोकळं सोडणारे, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा अडाणी आहे. मी पट्टावाल्यांमधली, त्यामुळे थोडा पक्षपात होईल, पण दुसऱ्या बाजूचंही मला बरंच पटतं ते पुढे लिहिलंय.

प्रसंग नेहमीचाच. तुम्ही तुमचं कुत्रं पट्ट्याला धरून चाललाय, समोरून एक मोकळा कुत्रा सुसाट सरळ तुमच्याकडे येतोय आणि त्याचे मालक पार मागे, हातात पट्टा गुंडाळलेला, आणि तिथूनच ओरडतायत 'काही करत नाही हो तो, फ्रेंडली आहे!' अहो काका, तो काही करत नसेलही, मी विश्वास ठेवते, पण प्रश्न तुमच्या कुत्र्याचा नाहीचे. माझी कुत्री काय करेल हे तुम्हाला कुठे माहितीये? ती घाबरून चावली तर? आणि चावली की मग तिलाच 'डेंजरस' म्हणणार, जिच्या गळ्यात पट्टा होता आणि जी मुकाट्याने बाजूने चालली होती.

पट्टा का लावलेला असतो याचा विचार सोडणारी माणसं करतच नाहीत असं मला वाटतं. त्यांना वाटतं मालक भित्रा आहे किंवा कुत्र्याला शिकवलेलं नाही. कारणं केवढी असतात बघा. ऑपरेशन झालंय आणि टाके सुकेपर्यंत व्हेटने उड्या मारायला बंदी केलीये (साध्या नसबंदीनंतरही दहा ते चौदा दिवस सांभाळावं लागतं). कुत्रा म्हातारा आहे, सांधे धरलेत, अंगावर कोणी आदळलं तर कळवळतो. एखाद्याला दिसत नाही, एखाद्याला ऐकू येत नाही आणि मागून कोणी हुंगलं की तो दचकून वळतो. कुत्री माजावर आहे, ते साधारण तीन आठवडे चालतं आणि तेवढे दिवस तिला कोंडून तर ठेवता येत नाही. एखाद्याला पूर्वी कधी मोकळ्या कुत्र्याने लोळवलेलं असतं आणि तो आता कुठे परत रस्त्यावर यायला लागलाय. आणि पिल्लांचं तर फारच जपावं लागतं, साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जग कसं आहे हे त्यांच्या डोक्यात बसत असतं, तेव्हा एक मोठा धसका बसला की तो कित्येकदा आयुष्यभर पुरतो. यातलं काहीच लांबून दिसत नाही, लांबून फक्त पट्टा दिसतो, आणि तेवढा पुरेसा आहे. पट्टा दिसला की आपला आवरायचा, कारण विचारायची गरजच नाही.

आता एक गोष्ट दोन्ही पार्ट्यांना नीट कळायला हवी, ती म्हणजे पट्ट्यातला कुत्रा आणि मोकळा कुत्रा यांची भेट मुळातच बरोबरीची नसते. दोन मोकळी कुत्री भेटतात तेव्हा ती सरळ नाकासमोर येत नाहीत, जरा वळसा घेऊन बाजूने येतात, मान फिरवतात, मधेच जमीन हुंगल्यासारखं करतात, मग मागून वास घेतात आणि नको वाटलं तर निघून जातात. हे सगळे त्यांचे रीतिरिवाज आहेत. पट्ट्यातल्याला यातलं काहीच जमत नाही. त्याला वळसा घेता येत नाही, पळता येत नाही, वर आपण घाबरून पट्टा घट्ट ओढतो त्यामुळे त्याची मान वर, छाती पुढे अशी होते, म्हणजे समोरच्याला ती धमकीच वाटते. अनोळखी माणूस धावत येऊन आपल्या गळ्यात पडला आणि आपले हात मागे बांधलेले असले तर आपण काय 'फ्रेंडली आहे' म्हणून हसू का? पळायचा रस्ता बंद झाला की कुत्र्याकडे गुरगुरणं, भुंकणं आणि शेवटी चावणं एवढंच उरतं. म्हणूनच कितीतरी कुत्री मोकळी असताना गरीब गाय आणि पट्ट्यात असताना वाघ असतात, आणि मालक बिचारे चक्रावतात की घरी तर असं काही करत नाही.

शेपटीचंही एक सांगते. 'बघा ना शेपटी हलवतोय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खुशच आहे असं काही नाही. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली यावर काम केलं होतं, 30 पाळीव कुत्र्यांच्या शेपट्यांचं व्हिडिओवरून मोजमाप केलं, तर मालक दिसला की शेपटी उजवीकडे जास्त झुकून हलत होती आणि अनोळखी, दादागिरी करणारा कुत्रा दिसला की डावीकडे जास्त. रस्त्यात उभं राहून डावं उजवं कोणी मोजणार नाहीये, तो मुद्दाच नाही, पण सैल अंगाने अख्खं ढुंगण हलवणारा कुत्रा वेगळा आणि ताठ उभा राहून वर धरलेली शेपटी थरथरवणारा वेगळा एवढं तर डोळ्यांनी दिसतं. पाठीवरचे केस उभे राहिलेत का, तोंड घट्ट मिटलंय का, भूक नसताना ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, मान फिरवून नजर टाळतोय, ही सगळी 'मला नको' म्हणायची पद्धत असते. ती ऐकली नाही की मग आवाज चढतो. आणि गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नका हो, निदान गुरगुरून सांगतोय तरी, ते बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल.

तर माझं म्हणणं एवढंच की समोर पट्टा दिसला की पहिली हालचाल मोकळ्या कुत्र्याच्या मालकाने करायची. आधी हाक मारायची, पट्टा लावायचा, मग लांबूनच विचारायचं 'भेटू दे का?' आणि नाही म्हटलं तर राग न धरता पुढे जायचं. हा क्रम उलटा होतो तिथेच सगळी भांडणं आहेत, आधी कुत्रा येतो, मग मालक येतो, मग प्रश्न येतो. आणि हाक मारल्यावर येतो म्हणजे कधी येतो तेही बघा. घरात हाक मारली की सगळेच येतात. समोर दुसरा कुत्रा आहे, तुमचा निम्म्या रस्त्यात पोचलाय आणि तरी एका हाकेत वळून परत आला तर तो सोडण्यालायक. चार चार वेळा नाव ओरडावं लागत असेल तर त्याने ती हाक कधीच मनातून काढून टाकलीये. अशांसाठी दहा मीटरच्या लांब दोऱ्या मिळतात, मोकळ्या मैदानात छातीपट्ट्याला ती लावून सोडा, तो हवं तिथे हुंगेल, पळेल आणि दोरी हातात असल्याने आवरताही येईल. गळ्यातल्या पट्ट्याला मात्र लावू नका, जोरात हिसका बसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं की मग आमच्या कुत्र्यांनी कधी मोकळं पळायचंच नाही का. पळायचं की! मोकळं पळणं, मनसोक्त हुंगणं ही कुत्र्याची गरज आहे आणि रोज दीड मीटरच्या पट्ट्यात फरफटत एकच फेरी मारून आणणाऱ्यांनी आपण फार जबाबदार आहोत असं समजू नये. जिथे सोडायला परवानगी आहे, कुंपण आहे, तिथे खुशाल सोडा, आणि अशा ठिकाणी पट्टा लावून आपला घाबरट कुत्रा मधोमध नेणं आणि मग बाकीच्यांवर डाफरणं हे माझ्या मते चूक आहे. ती त्यांची जागा आहे. पण जाण्यायेण्याचा रस्ता, बागेतली वाट, जिने, लिफ्ट या सगळ्यांच्या जागा, तिथे पट्टा हवाच. तुमचा कुत्रा कितीही गुणी असला तरी हवा.

आमच्या पार्टीतले नग पण काही कमी नाहीत. ते गुंडाळत जाणारे दोरीचे पट्टे असतात ना, पाच पाच मीटर सुटणारे, ते पूर्ण सोडून स्वतः मोबाईलमधे डोकं घालून चालणारी माणसं बघा. कुत्रा रस्त्याच्या त्या कडेला, मालक या कडेला, मधे दोरी, त्यात सायकलवाला अडकतो नाहीतर दुसऱ्याचा कुत्रा. ती बारीक दोरी जोरात घासली तर कातडी सोलून निघते, आणि कुत्रा पूर्ण वेगात असला की दोरी थांबवायचं बटण दाबूनही फार उपयोग होत नाही. पट्टा लावलाय म्हणजे आपली जबाबदारी संपली असं यांना वाटतं. दुसरे ते 'हाय कर, हाय कर' वाले, पट्टा सैल सोडून आपला कुत्रा दुसऱ्या पट्ट्यातल्या कुत्र्याच्या तोंडाशी नेतात, दोन्ही पट्ट्यांची गाठ बसते आणि आत दोन घाबरलेली कुत्री. पट्टा असो वा नसो, विचारल्याशिवाय जवळ आणायचं नाही. आणि तिसरे, समोरचा मोकळा कुत्रा नुसता दिसला की दगड उचलणारे. नको हो. लांबून दिसला की आपण रस्ता बदलावा, वळसा घ्यावा, पट्टा आखूड पण सैल धरावा, स्वतः मधे उभं राहावं आणि मालकाला साध्या आवाजात सांगावं 'प्लीज बोलवा त्याला, हिला चालत नाही'. बहुतेक माणसं ऐकतात. काही देशांत अशा कुत्र्यांच्या पट्ट्याला पिवळी रिबीन बांधतात, जरा लांब राहा असा त्याचा अर्थ, आपल्याकडेही सुरू झालं तर कितीतरी ओरडाआरडा वाचेल. आणि ज्याचा कुत्रा पूर्वी चावलाय त्याने तोंडाला जाळी लावावीच. पिंजऱ्यासारखी उघडी जाळी असते तिच्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. जाळी लावलेला कुत्रा दिसला की लोक नाकं मुरडतात, उलट त्या मालकाचे आभार मानायला हवेत.

आता शेवटचं, जुंपलीच तर. हात मधे घालू नका, मानेचा पट्टा धरायला तर अजिबात जाऊ नका, त्या क्षणी कुत्र्याला आपला परका कळत नाही, स्वतःच्याच कुत्र्याचे दात लागलेली माणसं खूप आहेत. माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, दोन्ही कुत्र्यांची रेबीजची लस झालेली असली तरी डॉक्टरांनाच ठरवू दे. कुत्र्याला लागलं असेल तर केसांत छोटंसं भोक दिसतं आणि मालकाला वाटतं काही नाही, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असू शकते आणि दोन दिवसांनी पू होतो, म्हणून व्हेटकडे न्यायचंच. आणि जे मोकळ्या कुत्र्याचे मालक अशा वेळी 'खेळत होते हो' म्हणत घाईघाईने निघून जातात त्यांना माझं एकच सांगणं आहे, थांबा, फोन नंबर द्या, लसीचं कार्ड दाखवा आणि व्हेटचा खर्च समोरच्याने मागायच्या आत आपणहून देऊ करा.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर शेपटीचा परिच्छेद कापा, खर्चाचा तेवढा राहू द्या.

आपली,
एका घाबरट कुत्रीची पालक