चि. निखिलला, वणीहून

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, ‘बाबा, खर्रा सुटला, आता फक्त साधी सुपारी खातो, उरलेली इंजेक्शनं राहू द्या.’ माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. तुझी आई जेवली नाही. फोनवर आपलं दोघांचं धड होत नाही, म्हणून लिहायला बसलो. सुपारीचं एकदाच बोलेन, पुन्हा नाही.

खर्ऱ्यातली तंबाखू सोडलीस, फार मोठं काम केलंस. साइटवर रात्रपाळीत ज्याच्या-त्याच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असते, तिथे नको म्हणणं किती जड जातं ते मला कळतं. पण तुझ्या गालांचं जे झालंय ते मुळात सुपारीमुळे झालंय. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे गाल आतून ताठ होऊन तोंड नीट न उघडणं, हा सुपारीचाच आजार. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या पेशींना नको तेवढं कोलॅजन, म्हणजे चिवट तंतू, बनवायला लावतं. तिच्यात तांबंही असतं, त्याने ते कोलॅजन असं घट्ट होतं की शरीराला मोडता येत नाही. आतून दाह चालूच राहतो, अस्तर पांढरं आणि ताठ होत जातं. तैवानात लोक तंबाखूशिवाय सुपारी चघळतात, तिथेही हाच आजार आहे, तोंडाचा कॅन्सरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच नुसती सुपारी कॅन्सर करते असं ठरवलं. आपल्याकडे २०१२ मध्ये गुटखा बंद झाला, पण सुपारी पूजेच्या ताटात असते, लग्नात असते, म्हणून तिची कुणाला भीतीच वाटत नाही. मला वाटते.

पोळ्याला तू आला होतास तेव्हा मी तुझ्या ताटाकडेच बघत होतो. पुरणपोळीचा घास तू दोन बोटांनी दाबून चपटा केलास आणि ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवलास. वांग्याच्या भाजीला तर हातच लावला नाहीस. मालूताईने विचारलं तेव्हा ‘दात दुखतो’ म्हणालास. नागपूरला डॉक्टरांनी पट्टी लावून तुझं तोंड किती उघडतं ते मोजलं, २४ मिलिमीटर. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची तीन बोटं उभी जातात, तुझी दोन जेमतेम.

इंजेक्शनं दुखतात, माहीत आहे. गालात सुई म्हणजे डोळ्यांत पाणी येणारच. पण त्यातलं डेक्सामेथासोन दाह कमी करतं आणि हायलुरोनिडेज ते ताठ झालेलं थोडं सैल करतं. सैल झालं की त्याच दिवसांत व्यायाम करायचा असतो. दाढांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या ठेवायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवत न्यायची. रोज, दिवसातून चार-पाच वेळा. सुई घेतली आणि काड्या ठेवल्या नाहीत तर गाल पुन्हा आवळतो. लायकोपिनच्या गोळ्या कुरिअरने पाठवतोय. रक्तात लोह कमी निघालं होतं, तीही गोळी चालू ठेव. पण निखिल, वरून सुपारी पडत राहिली तर यातलं काहीच टिकत नाही. गालात जे ताठ पट्टे तयार झालेत ते पूर्ण जाणार नाहीत, पुढचे मात्र थांबवता येतात. त्यावर वेळ गेली तर पट्टे कापून नाकाशेजारची कातडी आत बसवावी लागते आणि त्यानंतरही महिनोन्महिने काड्या आहेतच. उद्या साधं अपेंडिक्स काढायचं झालं तरी भूल देणाऱ्याला श्वासाची नळी घालणं अवघड जाईल.

पुन्हा सुपारीवर आलोच. दुकानाच्या काउंटरमागे बसून गिऱ्हाइकाला सांगायची सवय आहे, ती तुझ्याशी बोलताना सुटत नाही. माफ कर. तू काही गिऱ्हाईक नाहीस.

शाळेत पोवाडा म्हणायचास तेव्हा माइक लागत नसे. तालुक्याला पहिला आलास, दादाजींनी फेटा बांधला, तो तुझ्या कानांवर उतरला होता. शिट्टी अशी मारायचास की घाटेंचा कुत्रा पळत यायचा. परवा आई म्हणाली, हल्ली हा शिट्टी मारत नाही. तिला सांगितलं नाही मी, की गाल फुगत नाहीत म्हणून. पूनमची फी तू भरतोस हे मी कुठेकुठे सांगत असतो, तुला ते आवडत नाही, पण सांगतो. तुझ्या वयात मला एवढं जमलं नव्हतं.

मामाचं मात्र डोळ्यांपुढून जात नाही. मुंबईला त्याच्याबरोबर तूच होतास, मी काय लिहू. तुझा हा आजार झालेल्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण काहींना होतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही. रोज ब्रश करताना उजेडात गाल, जीभ बघ. लाल किंवा पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला तर मला विचारत बसू नकोस, थेट दाखव.

तलफ जेवणानंतर येते म्हणालास ना? तेव्हा बडीशेप चघळ, किंवा उठून आईला फोन लाव. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत नंबर आहे, १८०० ११ २३५६. त्यांना सुपारीचंही सांग.

नागपूरला येणं जमत नसेल तर पुण्यातच घे उरलेली इंजेक्शनं. बायोप्सीचा रिपोर्ट आणि आधीच्या मापांचा कागद गोळ्यांच्या पाकिटात ठेवलाय, नव्या डॉक्टरांना दाखव. शनिवारी अर्धा दिवस मिळतो ना, तेव्हा जाऊन ये. माप किती आलं ते त्याच संध्याकाळी कळव, कमी असलं तरी.

तुझा,
बाबा