माबीच्या फोटो धुणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

जपानीतल्या ‘ओबासान’ला मराठीत काकूच म्हणतात, म्हणून तेच संबोधन. पत्र सगळ्यांना वाचता यावं असं ठेवलं आहे. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ च्या महापुरात आणि चिपळूणला २०२१ च्या पुरात कितीतरी कपाटांतले अल्बम भिजले. त्यातले बरेचसे नदीने नाही, नंतर कडक उन्हात टाकल्यामुळे गेले. तुमची पद्धत तिथवर पोचावी म्हणून आभारांसोबत ती इथे लिहून काढतो.

आधी वाचकांसाठी दोन वाक्यं. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत जपानमधल्या कुराशिकी शहराच्या माबी भागात ओदा नदीचे बांध फुटले आणि घरं छपरापर्यंत बुडाली. भिजलेले कौटुंबिक फोटो धुऊन परत करण्याचं काम जपानमध्ये त्याआधीच, २०११ च्या त्सुनामीनंतर, रुजलं होतं. एकट्या यामामोतो गावात सुमारे साडेसात लाख फोटो चिखलातून गोळा झाले. या कामाला तिकडे ‘शाशिन सेंजो’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘फोटो धुणं’.

काकू, तुम्ही आम्हाला हे काम शिकवायला निवडलेला अल्बम एका हौशी फोटोग्राफर वडिलांचा होता. शिंकानसेन या बुलेट ट्रेनच्या खिडकीतून फुजी पर्वत, नाराची हरणं, गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या सरायीत युकाता (साधा सुती किमोनो) घालून जेवायला बसलेलं कुटुंब, शाळेचा क्रीडादिन. आणि ‘शिचि-गो-सान’ : तीन, पाच, सात वर्षांची मुलं नोव्हेंबरात किमोनो घालून देवळात नेतात, हातात लांबोडक्या पिशवीतली चितोसे-आमे गोळी. वडील स्वतः कुठेच नाहीत. एका फोटोत फक्त त्यांची सावली आहे, कोपर वर काढलेली.

फोटो कसा मरतो हे कळल्याशिवाय धुवायला हात लावू नका, हे तुमचं पहिलं सांगणं. रंग असतात ते कागदावर नव्हे, त्यावरच्या जिलेटिनच्या थरात. जिलेटिन म्हणजे जिवाणूंचं खाद्य. पूर ओसरला तरी अल्बम ओला असेतो ते खात राहतात आणि कडेकडून आत सरकतात. रंगीत छपाईच्या कागदात सर्वांत वर निळसर थर, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. म्हणून आकाश आधी गुलाबी पडतं, मग लाल-केशरी, मग पिवळं, शेवटी कोरा कागद. लाल किमोनो उशिरापर्यंत टिकतो तो याच कारणाने, कारण लाल रंग किरमिजी आणि पिवळ्या थरांतून होतो, आणि ते खालचे आहेत.

इथेच तुम्ही ती गोष्ट दाखवलीत ज्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं. हौशी माणूस तोरीची, म्हणजे देवळापुढची, कमान पूर्ण यावी म्हणून दहा पावलं मागे जातो, मुलीला बरोब्बर मध्यभागी उभी करतो आणि चारी बाजूंना भरपूर जमीन-आकाश सोडतो. फोटोच्या वर्गात याला चूक म्हणतात. पण कूज कडेने येते; ती त्या फुकटच्या आभाळात गुंतून पडते आणि चेहरा वाचतो. चेहरा कडेपर्यंत भरलेला स्टुडिओतला सुबक फोटो तेवढ्याच पाण्यात आधी जातो.

एक गोष्ट मात्र कडेलाच असते : खालच्या उजव्या कोपऱ्यातली केशरी तारीख. ’८७ ११ १५ म्हणजे १९८७ च्या नोव्हेंबरची १५, वर्ष आधी. धुताना सर्वांत आधी तीच निघून जाते, म्हणून फोटो पाण्यात घालण्यापूर्वी ती टिपून घ्यायची. तिच्यावर डोळे मिटून विश्वासही नको. बॅटरी बदलल्यावर तारीख पुन्हा लावायची राहून जाते. शिचि-गो-सानच्या किमोनोवर जानेवारी दिसला तर किमोनो खरा, कॅमेरा खोटा.

आता काम. धुणं लगेच जमणार नसेल तर आधी वाळवायचं. अल्बम उभा करून पानांमध्ये जेवणाच्या काड्या (चॉपस्टिक) किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या खोचायच्या, सावलीत ठेवायचा, पंखा खोलीत फिरता, थेट तोंडावर नाही. ओला अल्बम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सर्वांत वाईट, कारण दोन दिवसांत आत सडका वास येतो आणि वास आला म्हणजे जिवाणू कामाला लागले. आमच्याकडे ऑगस्टात काही वाळतच नाही. तेव्हा बंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवणं बरं. कूज तिथे थबकते.

अल्बम सोडवण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, क्रम हरवू नये म्हणून. ८०-९० च्या दशकातले चिकट पानांचे अल्बम तुमच्याकडे होते तसेच आमच्या घरोघरी आहेत. त्यांचं वरचं पारदर्शक आवरण फोटोला चिकटलेलं असतं. ते कोरडं ओढलं की चेहरा त्याच्याबरोबर निघतो. कटरने पान फोटोभोवती कापून तो तुकडा पाण्यात घालायचा आणि आवरण पाण्याखालीच, कोपऱ्यापासून, सावकाश सोडवायचं.

पसरट ट्रे तीन : पहिल्यात चोळायचं, दुसऱ्या-तिसऱ्यात विसळायचं. पाणी २० अंशांच्या आसपास. कोमट पाणी दयाळू वाटतं पण जिलेटिन फुगवतं. पावसाळ्यात आमचा नळ त्याहून गरम, तेव्हा बर्फाचे दोन खडे टाकावे लागतात. ब्रश नको, बोटाचं टोक हवं. सडलेला थर बुळबुळीत लागतो, शाबूत थर घट्ट, आणि हा फरक ब्रशला कळत नाही. सुरुवात कडेने, बोट बाहेरच्या दिशेने. पाण्यात पिवळा-लाल रंग उतरणारच, तो आधीच सुटलेला असतो. पण बोट चेहऱ्याजवळ आलं आणि रंग अजून उतरतोय, तर थांबायचं. काठावर घाण राहिली तरी चालेल. एका फोटोला दोन-तीन मिनिटं, भिजत घालून चहाला जायचं नाही. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, म्हणून पातळ हातमोजे आणि मास्क.

कूज चेहऱ्याला लागलीच असेल तर पाणी वर्ज्य. फोटो आधी पूर्ण वाळवून, इथेनॉलने ओलसर केलेल्या मऊ कागदाने नुसतं टिपायचं. इथेनॉलने जिलेटिन फुगत नाही आणि जिवाणूही मरतात. मात्र मागे बॉलपेनने काही लिहिलं असेल तर आधी उतरवून घ्यावं, ती शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

घरच्या इंकजेटवर छापलेले फोटो पाण्यात घालूच नयेत, रंग पसरतात. ओळखायची खूण : भिंगाखाली ठिपके दिसतात. शंका असेल तर एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब.

पाणी कागदी टॉवेलने टिपून, कपड्यांच्या चिमट्याने दोरीवर, सावलीत. वाळताना फोटो वळतात, त्याला घाबरून इस्त्री फिरवू नये. पूर्ण वाळले की दोन कागदांमध्ये, वर जाडजूड पुस्तकं. निगेटिव्ह फेकू नयेत. फोटो गेला तरी त्यावरून पुन्हा काढता येतो. त्याही तशाच धुवायच्या, निस्तेज बाजूला बोट न घासता, आणि शेवटच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे डाग राहत नाहीत.

निगेटिव्ह स्कॅन करताना तुम्ही सांगितलेली युकाताची खूण आता आम्ही सगळ्यांना सांगतो. घालणाऱ्याची डावी बाजू वर हवी. उजवी वर दिसली तर निगेटिव्ह उलटी लागली आहे, आणि तसा फोटो त्या घरी देता येत नाही, कारण उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवतात. आमच्याकडच्या फोटोत हीच खूण नऊवारीच्या पदराने मिळते : डाव्या खांद्यावर हवा. (गुजराती पद्धतीचा पदर असेल तर फसगत, तेव्हा मागच्या दुकानाची पाटी वाचावी.)

पूर्ण पांढरे झालेले कागदही तुम्ही टाकू दिले नाहीत. तेही विसळून, वाळवून, त्याच क्रमाने नव्या अल्बमच्या खिशात घातलेत. तो कुठला फोटो होता हे आम्हाला कळलं नसतं; त्या घरातल्यांना शेजारच्या फोटोवरून कळतं.

इकडे सध्या एक काम अडलंय. आमच्या जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये काळ्या पानांवर जाळीदार कागद असतो, आणि तो ओला झाला की फोटोवर नक्षीसकट बसतो. पाण्याखाली सुटतो, पण नक्षी थरात उमटून राहते. यावर तुमच्याकडे काही युक्ती असेल तर जरूर कळवा. घरच्यांना नमस्कार.

आपले,
कृष्णा आणि वाशिष्ठीकाठचे फोटो धुणारे