कुडाची भिंत 'मूळ' कधीची धरायची?

संपादक साहेब,

माझी मुलगी आर्किटेक्चरला आहे, मागच्या महिन्यात तिच्यासोबत मुरबाडच्या पुढे एका जुन्या वस्तीवर गेलो होतो. आश्रमच म्हणा, काही कुटुंबं ठरवून एकत्र राहायला आलेली, शेती एक, चूल एक. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हेरिटेज म्हणून त्या वस्तीची नोंद करायची होती आणि फॉर्ममध्ये रकाने काय तर शैली कोणती, आर्किटेक्ट कोण, मूळ साहित्य किती टक्के शिल्लक. आर्किटेक्ट कोण विचारल्यावर तिथल्या आजी म्हणाल्या, "आमीच की!"

भिंती कारवीच्या कुडाच्या, म्हणजे कारवीच्या झुडपाच्या काठ्या एकत्र बांधून केलेल्या, वरून शेणमातीचं लिंपण. पावसात ते धुपतं, दिवाळीआधी परत लिंपायचं, काठी कुजली की बदलायची, मग मूळ साहित्य किती उरलं? जवळजवळ शून्य, म्हणजे फॉर्मच्या हिशोबाने वास्तू नापास. लिंपायची रीत तीच आहे हो, पण त्याला रकानाच नाही. सामायिक स्वयंपाकघराला दोन दारं आहेत, एकातून ताट घेऊन यायचं, दुसऱ्यातून बाहेर जाऊन दगडी कट्ट्यावर ज्याचं त्याने धुवायचं, तो कट्टा एका बाजूने झिजून खोलगट झालाय. पोरीने त्याचे वीसेक फोटो काढले, फॉर्ममध्ये एकही बसेना.

वयाचंही तसंच. केंद्राचा प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा वास्तू किमान शंभर वर्षांची हवी म्हणतो. गांधीजी सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले 1936 साली. तिथे बापू कुटीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेनने मातीत उठवलेली झाडं आणि चरखा आहे, पण या अटीने तीही किमान 2036 पर्यंत रांगेत! पुद्दुचेरीजवळचं ऑरोव्हिल, तेही असंच ठरवून एकत्र राहायला वसवलेलं, 1968 चं, त्याचं तर बोलायलाच नको.

मुंबईत 1995 पासून हेरिटेजची नियमावली आहे, त्यात एकेक बिल्डिंगच नाही तर अख्खा परिसर, म्हणजे प्रिसिंक्टसुद्धा धरता येतो. आपल्या जिल्ह्यातल्या अशा वस्त्यांची यादी त्याच धर्तीवर कुणीतरी करायला घ्या, घरं, विहीर, पायवाटा, स्वयंपाकघर सगळं एकत्र मोजून. आणि जरा लवकर, कारण कारवी आणायला आता माणसं मिळत नाहीत, पुढच्या पावसाआधी दोन घरांना सिमेंटचे पत्रे ठोकणार असं आजी सांगत होत्या.

– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे