आधी काटा बसवा, वायद्याचं नंतर बघू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शेळ्या-बोकडांचेही वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारे सौदे, सुरू करावेत, म्हणजे पशुपालकाला भावाची हमी मिळेल, अशी सूचना आपल्या अंकात वाचली. मी कळमेश्वर तालुक्यात शेळ्या पाळतो. मुलगा शेअर बाजारात हात मारत असल्याने वायद्याची भाषा थोडीफार कळते.

शिकागोत जिवंत गुरांचा वायदा 1964 पासून चालतो. तिथला एक सौदा 40 हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे 18 टनांचा. आमच्या 25 किलोच्या बोकडाच्या हिशेबाने सातशेवर नग झाले! एवढे माझ्या अख्ख्या गावात निघायचे नाहीत. बरं, सौदा लहान करता येईल, पण खरी अडचण वेगळीच आहे. तिथे जनावर वजनावर आणि प्रतीवर विकलं जातं. खाटीकखान्याआधी चारून वाढवायच्या वासरांचा जो वायदा आहे, तो तर सात दिवसांत प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदींची सरासरी काढून, जनावर न देता-घेता, रोखीत मिटवतात. आमच्याकडे असल्या नोंदी ठेवतो कोण?

आठवडी बाजारात दलाल बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो, कंबर चाचपतो आणि "बावीस भरंल" म्हणून मोकळा होतो. उरलेला भाव रुमालाखाली बोटांवर ठरतो. तोच बोकड मी निघताना घरच्या लटकत्या काट्यावर टांगला होता, 27 किलो भरला. पाच किलो गेले कुठे, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो उभंच राहू देत नाही. बकरी ईदच्या तोंडावर नागपूरच्या मोमिनपुऱ्यात तर रंग, शिंगं, कपाळावरचा चांद बघून पैसे मोजतात. ते वेगळंच, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि हमीचं म्हणाल, तर सोयाबीन-हरभऱ्याचे वायदे सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये थांबवलेच ना? अंड्यांचं बघा. एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा, भाव रोज जाहीर होतो, तो पटो न पटो, कुक्कुटपालकाला घरबसल्या कळतो. बोकडाला तेवढंही नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या बाजार समित्यांनी जनावरांच्या बाजारात सरकारी शिक्क्याचा काटा बसवावा, सौदा जिवंत वजनाच्या किलोवर पावतीसह करावा आणि त्या दिवसाचा कमी-जास्त भाव फाटकावर लिहावा. आपणही तो धान्याच्या भावांशेजारी छापावा, दोन ओळींची तर जागा लागेल.

– एक शेळीपालक, कळमेश्वर, जि. नागपूर