'इको' पाटी लावणाऱ्यांना मे महिन्यातलं पाणी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीसाठी कोकणातल्या 'इको-स्टे' आणि 'इको-लॉज'ची यादी आली होती. फोटो सुरेख होते. समुद्र किती मिनिटांवर, मासे मिळतात का, वायफाय आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, सगळं दिलं होतं. पाणी कुठून येतं ते मात्र एकाही ठिकाणापुढे नव्हतं. मी दापोली तालुक्यात केळशीच्या बाजूला राहते. माझी जाऊ आणि मी मिळून आमच्या जुन्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देतो. म्हणून ही यादी वाचून गप्प बसवेना.

कोकणातलं एखादं निवासस्थान 'इको' आहे की नाही, हे मे महिन्यात त्याच्या विहिरीवर आणि जुलै महिन्यात तिथल्या कामगारांच्या पगारावर ठरवावं, असं माझं म्हणणं आहे. बांबूच्या खुर्च्या आणि मातीचे पेले त्यानंतर बघू.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वाडीवाडीत टँकरची वाट बघतात, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. इथला तांबडा जांभा दगड सच्छिद्र असतो. पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, पऱ्ह्यातून म्हणजे ओढ्यातून वाहतं आणि समुद्राला मिळतं. दिवाळीनंतर गावकरी पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात, तेवढ्याने विहिरी थोड्या पुढे टिकतात. आणि नेमके एप्रिल-मे हेच पर्यटनाचे भरगच्च महिने. शाळांना सुट्टी, आंबा तयार, मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग. गावाला सगळ्यात कमी पाणी असतं तेव्हाच गावात सगळ्यात जास्त माणसं असतात. इथल्या निवासाचा सगळा हिशोब या एका गोष्टीपासून सुरू व्हायला हवा.

जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी हे माप धरलं आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असा साधा तलाव भरायला ६० हजार लिटरच्या वर पाणी लागतं. हजाराहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं ते. शिवाय वाफ होऊन जातं ते रोज वरून घालायचं. आमच्या बाजूच्या किनाऱ्यावर एका मोठ्या रिसॉर्टने असा तलाव बांधला आणि त्यासाठी पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या, जवळ बोअर मारली. दोन उन्हाळ्यांत खालच्या आळीतल्या विहिरींचं पाणी मचूळ, म्हणजे खारट, झालं. आता तिथल्या बायका पिण्याचं पाणी वरच्या वाडीतून आणतात. त्या रिसॉर्टच्या पाटीवरही 'इको' लिहिलेलं आहे.

किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हे आम्हाला भूजल खात्याच्या माणसाने ग्रामसभेत समजावलं होतं. वरची गोडी पातळी उपशाने एक मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी साधारण ४० मीटर वर सरकू शकतं, असा त्याचा हिशोब आहे. एकदा खारं पाणी आत शिरलं की ते मागे हटायला वर्षानुवर्षं लागतात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला भूजल कायद्याचं बंधन आहे, पण ते बंधन पाळलं जातंय का हे बघायला मे महिन्यात कुणी फिरत नाही.

आमच्या आगरातली, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतली, बाव (विहीर) सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेली आहे. आत उतरायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात किती पायऱ्या उघड्या पडल्या यावर किती खोल्या द्यायच्या, ते माझी जाऊ ठरवते. सातवी पायरी दिसली की दोन खोल्या बंद, मग कितीही ओळखीचा पाहुणा असो. न्हाणीत शॉवर नाही. दहा मिनिटं शॉवर चालला की चार-पाच बादल्या जातात, आमच्याकडे बादली आणि तांब्या असतो. पाणी तापवायचा बंब पेटतो तो नारळाच्या सोडणांवर आणि वाळलेल्या चुडतांवर, म्हणजे झावळ्यांवर. न्हाणीचं पाणी दगडी पाटाने अळू, कर्दळ आणि केळींतून फिरून पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, जातं. खोबरेल आणि साधा साबण आम्हीच ठेवतो आणि पाहुण्यांना त्याचं कारण सांगतो. संडास दोन खड्ड्यांचे आहेत, विहिरीपासून लांब आणि उताराच्या बाजूला. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्यातलं खत वाळल्यावर माडांच्या आळ्यात घालायचं. यात नवं काही नाही, बरंचसं सासूबाईंच्या काळापासून चालत आलंय. पाहुण्यांना याचा त्रास होतो असंही नाही. बहुतेकांची मुलं रहाटाजवळून हलत नाहीत.

आम्ही पाहुणे ठेवायला लागलो ते निसर्ग चक्रीवादळानंतर. ३ जून २०२० ला ते आमच्यावरून गेलं आणि दापोली-मंडणगडच्या आगरांमध्ये पोफळींच्या ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात, माडाला त्याहून जास्त. मधली वर्षं खायचं काय, हा प्रश्न या पट्ट्यातल्या कितीतरी घरांपुढे होता. घर होतं, माजघर होतं, स्वयंपाक येत होता. कुणी बाहेरचा गुंतवणूकदार न येता, एकही माड न तोडता मिळणारं ते उत्पन्न होतं. म्हणून मी पर्यटनाच्या विरोधात बोलत नाहीये. पर्यटनाने आमच्या आगराला पुन्हा उभं राहायला वेळ मिळवून दिला.

कायदाही याच बाजूचा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत स्थानिक लोकांना, मच्छीमारांनाही, आपल्या राहत्या घरात 'होम-स्टे' चालवायची मुभा आहे. अट अशी, की घराचा चौथरा, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. जांभ्याच्या भिंती, कौलं, वर माळा आणि पुढे ओटी असलेलं घर मे महिन्यातही दुपारी थंड राहतं, हे त्यात एकदा झोपलेल्याला सांगावं लागत नाही. तरी अशी घरं पाडून स्लॅब टाकायचा, मग गरम होतं म्हणून एसी बसवायचा आणि गच्चीवर एक बांबूची झोपडी उभारून 'इको' म्हणायचं, असं चाललंय.

आमच्यापासून जवळच, मंडणगड तालुक्यात, वेळास आहे. पूर्वी तिथे कासवाची अंडी काढून नेत, सगळीकडे नेत तशीच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासव संवर्धनाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते. कासवमित्र ती अंडी कुंपणातल्या जागेत हलवतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात. बघायला आलेली माणसं गावातल्या घरांतच उतरतात आणि घरातलंच जेवतात. म्हणजे कासव वाचलं तर चूल चालते, हे गावातल्या लहान मुलालाही कळतं. जानेवारी २०२२ मध्ये 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रहावर माग ठेवणारं यंत्र बसवलं, तेही याच किनाऱ्यावर. आता याच पट्ट्यात समुद्राकडे तोंड करून रात्रभर प्रखर दिवे लावणारी हॉटेलं येत आहेत. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राऐवजी पार्किंगकडे गेलेलं पिल्लू सकाळपर्यंत जगत नाही. पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांबद्दल आपल्या अंकात अनेकदा लिहून आलंय, ते पुन्हा लिहीत नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. मच्छीमार कुटुंबांतल्या या बायकांना खाडी लहानपणापासून ठाऊक आहे. पैसा त्यांच्या हातात येतो, त्यामुळे कांदळवन तोडायला कुणी आलं तर सगळ्यात आधी त्याच उभ्या राहतील. आंतरराष्ट्रीय इकोटुरिझम संस्थेने १९९० साली केलेल्या व्याख्येत दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, निसर्ग राखणं आणि स्थानिक लोकांचं भलं होणं. आपल्याकडच्या जाहिरातींत पहिल्या अर्ध्याचे फोटो असतात आणि दुसऱ्या अर्ध्याचा पत्ता नसतो.

दुसरा अर्धा म्हणजे जुलै. पाऊस लागला की पाहुणे येत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव थांबलेला, कोळणी घरी. मोठ्या लॉजवाले त्याच सुमारास पोरांना 'गणपतीनंतर बघू' म्हणून सांगतात. ज्या मुलाने मे महिन्यात रोज सोळा तास राबून ते लॉज चालवलं, तो जूनमध्ये मुंबईची गाडी पकडतो आणि पुष्कळदा परत येत नाही. मग पुढच्या हंगामाला बाहेरून माणसं आणायची आणि पाहुण्यांना म्हणायचं, ही आमची स्थानिक संस्कृती.

आमच्याकडे वाडीतल्या दोघी कामाला आहेत. पावसाळ्यात त्यांचा पगार निम्मा होतो, पण थांबत नाही. त्यासाठी उन्हाळ्यातल्या प्रत्येक मुक्कामामागे थोडे पैसे बाजूला पडतात आणि पाहुण्यांना ते आधीच सांगितलेलं असतं. आजवर कुणी कुरकुर केलेली नाही. त्या चार महिन्यांत गडगे (दगडी कुंपणं) नीट होतात, पोफळीची रोपं पिशव्यांत वाढवली जातात, लावणीची कामं निघतात. मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून ठेवलेले असतात. सोलं (आमसुलं) करायची तर सालं रसात बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा रसात बुडवायची, असं पाच-सहा दिवस चालतं, आणि वळवाचा एक शिंतोडा पडला तर सगळं आत न्यायची धावपळ. ती सोलं आणि फणसपोळी वर्षभर विकली जाते, ते पैसे त्या दोघींचे. चुकूनमाकून जुलैत कुणी पाहुणा आलाच तर त्याला टाकळा, भारंगी, कुडाच्या शेंगा आणि कुळथाची पिठी मिळते. त्या दिवसांत सुरमई मागणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो आणि का नाही तेही सांगतो. एवढं बोलल्यावर लोक समजून घेतात, उलट रानभाज्यांची नावं वहीत उतरवून नेतात.

तेव्हा माझी विनंती आपल्याला आहे, शासनाला नाही. शासनाकडे निवास-न्याहारी योजना आहे, २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, कागद पुष्कळ आहेत. पण पाहुणा घर निवडतो तो आपली पुरवणी वाचून. पुढच्या वेळी यादी छापण्याआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. मे महिन्यात पाणी कुठून येतं आणि शेजारच्या विहिरीचं काय होतं? सांडपाणी आणि मैला कुठे जातो? मागच्या जुलैत किती जणांना पगार दिला आणि त्यातले गावातले किती? उत्तर देणार नाही त्याच्या नावापुढे 'उत्तर दिलं नाही' एवढंच छापा. वाचक सुज्ञ आहेत.

पुरवणीचं काम बघणाऱ्यांपैकी कुणाला हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात यावं, फेब्रुवारीत नको. फेब्रुवारीत सगळ्यांच्याच विहिरी भरलेल्या असतात. दापोलीहून एसटी आहे. येताना पाण्याच्या बाटल्या आणू नयेत, ओटीवर माठ असतो.

आपली,
एक घरगुती निवासचालक,
केळशी परिसर, ता. दापोली, जि. रत्नागिरी